छप्पन पौंड

"ताई, तुमी समोर जाऊन चहा पिऊन या, तवर होतंय," असं चाँदभाई म्हणाले आणि अनघा टिपणीसच्या मनात पाल चुकचुकली.

वास्तविक हे वाक्य ती वीस वर्षं ऐकत होती. तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या रस्त्यावर चाँदभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पुढे क्रिकेटच्या बॅटी, कॅरमची पावडर, शाळेचे पट्टे. मागे पडद्याआड एक जुनं मशीन, आणि त्या मशीनवर टेनिसच्या रॅकेटमध्ये तारा ओढायचं काम. खेळाडू त्याला गटिंग म्हणतात. अनघा लोणावळ्याहून यायची, तीन रॅकेटी टेबलावर ठेवायची, चाँदभाई तिला टपरीवर पिटाळायचे आणि ती मुकाट जायची. चार वेळा राष्ट्रीय विजेती झालेल्या या बाईनं वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, की आपल्याला बाहेर का घालवतात. तिला हा प्रश्न पडला तो या डिसेंबरात, आणि तोही तिनं मनातल्या मनातच विचारला.

कारण या डिसेंबरात चाँदभाईंची मुलगी जाळीच्या पलीकडे उभी राहणार होती.

प्रकरण असं होतं. जानेवारीत पुण्यात बायकांची मोठी व्यावसायिक स्पर्धा होती. मुख्य फेरीत शिरायला क्रमवारी लागते, आणि अनघाची क्रमवारी सहा वर्षांपूर्वीच्या कोपराच्या ऑपरेशनपासून घसरत घसरत नऊशेच्या पलीकडे गेली होती. राहिलं होतं एकच वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी द्यायचा थेट प्रवेश. आयोजकांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, अनघा अडतीस वर्षांची झाली, तिला मानानं निरोप द्या. दुसरा म्हणाला, शहिस्ता अठराची आहे, सहा महिन्यांत दोन स्पर्धा जिंकली आहे, उद्याचं बघा. शेवटी कुणाशीच वाईटपणा नको म्हणून त्यांनी दोघींनाच एकमेकींवर घातलं. तळेगावजवळ परंदवडीच्या अकादमीच्या कोर्टवर एक सामना, जी जिंकेल तिला कार्ड.

अनघाला निवृत्त व्हायचंच होतं. पण ते पुण्यात, मुख्य फेरीत, खुर्च्यांवर माणसं बसलेली असताना. परंदवडीत, गुलाबाच्या पॉलिहाऊसशेजारच्या कोर्टवर, कंपनीच्या बसगाड्यांची धूळ खात तिला संपायचं नव्हतं. हे कार्ड गेलं तर पुढे काहीच नव्हतं, आणि ते तिला इतकं स्वच्छ माहीत होतं की त्या महिन्यात तिला धड झोपही लागत नव्हती.

आता चाँदभाई कोण, तेही सांगायला हवं. त्यांचे वडील नूरभाई खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणायचे. एका साहेबानं एकदा त्यांना टेनिसची फाटकी रॅकेट दिली आणि विचारलं, हे जमेल का. त्यांना जमलं. तेव्हापासून घरात हा हात आला. चाँदभाईंचं मशीन वजनाचं आहे. एका दांड्यावर लोखंडी ठोकळा सरकवायचा, दांडा खाली येतो आणि तार ताणली जाते. ठोकळा जेवढा पुढे, तेवढा ताण जास्त. काम झालं की ते रॅकेटच्या दांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनानं आकडा लिहितात. अनघाच्या पट्टीवर एकच आकडा असायचा, छप्पन पौंड. तो तिचा आकडा होता. वयाच्या सतराव्या वर्षी ती छप्पनवर खेळायला लागली आणि आजतागायत खाली आली नव्हती. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, ताण कमी करा, कोपराला धक्के बसतात. तिनं डॉक्टरच बदलला. लहान मुलींच्या शिबिरात ती हे कौतुकानं सांगायची. माणसानं आपला आकडा सोडू नये, असं म्हणायची आणि पोरी वहीत लिहून घ्यायच्या.

चाँदभाईंची शहिस्ता याच दुकानात, मशीनच्या पायाशी तुटक्या तारांशी खेळत मोठी झाली. तिच्या हातात पहिली रॅकेट अनघानंच दिली होती, स्वतःची जुनी. पुढे दोघी परंदवडीत एकत्र सराव करायला लागल्या. आणि नोव्हेंबरात, हा सामना ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शहिस्ता सरावाला यायची थांबली. फोन केला तर म्हणाली, अब्बा नको म्हणतात, सामना होईपर्यंत नको.

अब्बा नको म्हणतात! अनघानं फोन ठेवला आणि खिडकीतून तुंगार्लीच्या उताराकडे बघत बसली. संशयाची एक खोड आहे, तो एकटा येत नाही. एकदा त्याला घरात घेतलं की मागचे सगळे दिवस तो नातेवाइकांसारखे गोळा करून आणतो. तिला आठवायला लागलं. चाँदभाई ठोकळा सरकवताना दाराकडे पाठ करून उभे राहतात. तिच्या रॅकेटी आल्या की अर्धं शटर खाली ओढतात. आणि गेले काही महिने तिचे फटके रेषेच्या बाहेर जात होते. फार नाही, वीतभर. जाऊन जाऊन शहिस्ताशी सराव करतानाच जात होते. म्हणजे निदान तिला तसं आठवत होतं.

तर त्या दिवशी ती 'बरं' म्हणून टपरीवर गेली, पण चहा घेतला नाही. रस्ता ओलांडून परत आली आणि शटरखालून वाकून बघितलं. पडद्याच्या फटीतून चाँदभाईंची पाठ दिसली. दांडा दिसला नाही. मागच्या दारातून चाँदभाईंची बायको मुमताज डबा घेऊन आली होती, तिनं अनघाला वाकलेलं पाहिलं. अनघानं बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. मुमताज बिचारी मनानं स्वच्छ, ती हसली आणि म्हणाली, "तुमच्या रॅकेटींना हे कुनाला हात लावू देत न्हाईत. पोरीला तर मुळीच न्हाई. तिनं मागं एकदा उचलून बघितली तर लय ओरडले तिला."

हे ऐकून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. अनघाला वाटलं, पोरीपासून लपवायचं असं माझ्या रॅकेटमध्ये काय आहे?

तिनं चाँदभाईंना काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मोठ्या खेळाडूंना एक वाईट सवय असते. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसतं, अशी त्यांची खात्री असते, कारण कोर्टवर ते खरंच दिसतं. ती छप्पनच्या पट्ट्या लावलेल्या तीन रॅकेटी घेऊन लोणावळ्याला आली आणि त्या प्रतीक्षासमोर टाकल्या.

प्रतीक्षा तिची प्रशिक्षक. सव्वीस वर्षांची, पुण्याची, सहा महिन्यांपूर्वी आलेली, आणि प्रत्येक गोष्ट यंत्रानं मोजणारी. अनघाची झोप मोजायची, नाडी मोजायची, पाणी मोजायची. तारांचा ताण मोजायचं एक लहानसं उपकरणही तिच्या पिशवीत होतं. ते तिनं पहिल्या रॅकेटवर धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग दुसरीवर धरलं, मग तिसरीवर.

तिन्हींचा आकडा सत्तेचाळीस आला.

प्रतीक्षानं समजावून सांगितलं, की तारा ओढल्यावर ताण थोडा उतरतोच, एक पौंड, फार तर दोन. एका दिवसात नऊ पौंड उतरत नाहीत. हे मशीनच्या चुकीनं होत नाही आणि तिन्ही रॅकेटींत सारखं तर नाहीच नाही. हे कुणीतरी ठरवून केलेलं आहे. पुढचं वाक्य ती बोलली नाही, पण ते दोघींनाही ऐकू आलं. ताण कमी असला की चेंडू रॅकेटवरून जोरात उडतो आणि लांब जातो. ज्याला छप्पनची सवय आहे त्याचे फटके अशा रॅकेटनं बाहेर पडणार. आणि ते बाहेर पडले की कुणाचा फायदा होणार, हे सांगायला उपकरण लागत नव्हतं.

अनघाला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला रडू आलं. वीस वर्षं या माणसाच्या हातचं सामान घेऊन ती देशभर फिरली होती. त्याच्या घरची ईद तिनं चुकवली नव्हती. बापाचं काळीज आहे, मुलीसाठी माणूस काय वाटेल ते करतो, असं तिनं स्वतःला समजावून बघितलं, आणि त्यानं तिला आणखीच वाईट वाटलं. म्हणजे माझी किंमत एवढीच होती तर.

सामन्याच्या आदल्या दिवशी ती कुणालाही न सांगता पुण्याला गेली. तिथे एका मोठ्या दुकानात विजेवर चालणारं मशीन होतं. तिन्ही रॅकेटींतल्या चाँदभाईंच्या तारा तिनं कापून टाकायला लावल्या आणि समोर उभं राहून, पडद्यावर आकडा बघत, बरोबर छप्पन पौंडावर नव्या तारा ओढून घेतल्या. चाँदभाईंच्या पट्ट्या तेवढ्या तशाच राहू दिल्या, त्यांना कळू नये म्हणून. संध्याकाळी अर्धा तास हात चालवून बघितला. रॅकेट फळीसारखी लागली, फटका मारला की हादरा खांद्यापर्यंत आला. पण एकही चेंडू बाहेर गेला नाही. बघ, ती स्वतःला म्हणाली, हा माझा खरा खेळ. इतके दिवस चोरीला गेला होता.

सामन्याला दोनएकशे माणसं जमली होती. तळेगावच्या सोसायट्यांतली मंडळी, अकादमीतली मुलं आणि त्यांचे आईबाप, कान्ह्याहून आलेले चाँदभाईंचे नातेवाईक. कोर्टच्या कोपऱ्यात कापडी मांडवाखाली चाँदभाई त्यांचं मशीन मांडून बसले होते. सामन्यात कुणाची तार तुटली तर तिथल्या तिथे ओढून द्यायचं काम आयोजकांनी त्यांच्याकडेच दिलं होतं. खेळाडूच्या बापाकडे हे काम कसं, असं प्रतीक्षानं आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, मावळात दुसरं आहे कोण, आणि अनघाताईंच्या रॅकेटी तरी आणखी कोण करतं?

पहिलाच चेंडू अनघानं मारला आणि मांडवाखाली चाँदभाई उठून उभे राहिले. हातातली पकड तशीच, मान वर, कान कोर्टकडे. तारांचा आवाज त्यांना आपल्या पोरांच्या आवाजासारखा ओळखू येतो. अनघानं ते बघितलं आणि तिला आसुरी आनंद झाला. कळलं ना, ती मनात म्हणाली, तुमची लबाडी मी उपटून काढली ते कळलं ना! त्या आनंदाच्या जोरावरच तिनं पहिला सेट सहा-चार घेतला. अनघा छान खेळली, हे कबूल करायला हवं. चेंडू रेषांवर ठेवत होती, शहिस्ताला इकडून तिकडे पळवत होती. आणि शहिस्ता मधूनमधून फटका मारायचा सोडून तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. अनघाला ती नजर अपराधी वाटली.

दुसऱ्या सेटमध्ये कोपर बोलायला लागलं. आधी ठणका, मग प्रत्येक फटक्याला सुई टोचल्यासारखं. त्याच्या जोडीला दुसरंच काहीतरी घडत होतं. तिचे चेंडू आखूड पडायला लागले. रेषेशी जायला हवेत ते मध्येच टप्पा खात होते, आणि शहिस्ता पुढे येऊन त्यांचा चट्टामट्टा करत होती. अनघा आणखी जोर लावायची, कोपर आणखी ओरडायचं, चेंडू तरी आखूडच. तिला वाटलं वय झालं, मग वाटलं घाबरले मी. रॅकेटबद्दल तिच्या मनात शंका आली नाही. सगळ्या शंका तिनं आधीच दुसरीकडे खर्चून टाकल्या होत्या. सेट सहा-तीननं गेला, आणि शेवटच्या गुणावर तिच्या रॅकेटची तार तुटली.

पंचानं चिठ्ठी पुढे केली. किती ताण हवा, ते खेळाडूनं लिहून द्यायचं असतं. अनघानं छप्पन लिहिलं, आकड्याखाली दोनदा रेघ ओढली, आणि तुटकी रॅकेट मांडवाकडे गेली. आता ती रॅकेट वापरायची नाही हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. चिठ्ठी दिली ती केवळ काही संशय आलेला नाही असं दाखवायला.

तिसऱ्या सेटमध्ये तीन-दोन झालं होतं तेव्हा रॅकेट परत आली. पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली, दांडीवर पांढरी पट्टी, पट्टीवर छप्पन. अनघानं बाकावर बसून मांडवाकडे पाहिलं. चाँदभाई तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, घ्या, असं. इतक्या उघडपणे, स्वतःची पोरगी पलीकडे खेळत असताना, हा माणूस मला खुणा करतोय! तिनं पिशवी न उघडता रॅकेट बाकाखाली सारली आणि जुनीच फळी घेऊन उभी राहिली. पाच-पाचपर्यंत ती केवळ हट्टावर टिकली. मग शहिस्तानं दोन गेम ओळीनं घेतले. शेवटचा चेंडू अनघाच्या रॅकेटवरून जाळीपर्यंतही पोचला नाही.

जाळीवर हात मिळवताना शहिस्तानं तिच्याकडे पाहिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आयोजकांनी दोघींचं कौतुक करणारं भाषण केलं, त्यात अनघासाठी भूतकाळ वापरला. ती खेळाडूंच्या खोलीत जाऊन बसली तेव्हा प्रतीक्षा ती पिशवीतली रॅकेट घेऊन आली. पिशवी फाडली, उपकरण धरलं आणि ओठ दाबून अनघाला दाखवलं. पुन्हा सत्तेचाळीस. चिठ्ठीवर छप्पन लिहिलेलं असताना, भर सामन्यात. आता आयोजकांकडे लेखी तक्रार करू, निकाल रद्द होऊ शकतो, असं ती म्हणाली.

अनघा रॅकेट घेऊन तडक मांडवाकडे निघाली. आता पुरावा हातात होता. नातेवाईक शहिस्ताबरोबर फोटो काढायला गेले होते आणि चाँदभाई एकटेच मशीनचे पाय सोडवत होते. तिनं रॅकेट त्यांच्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाली, "ही सत्तेचाळीसवर आहे, चाँदभाई. पट्टीवर छप्पन लिहिलंय."

त्यांचा चेहरा पडेल अशी तिची अपेक्षा होती. ते लाजले. चोरून साखर खाताना पकडलेल्या म्हाताऱ्यासारखे लाजले.

"शेवटी कळलं व्हय तुमाला," ते म्हणाले. "मोजलंत. मला वाटलंच, त्या नव्या पोरीकडं काय तरी मोजायचं असंल." मग ते मशीन सोडून खाली बसले. "आपरेशननंतर तुमी पयल्यांदा आलात तवा तुमच्यानं दुकानाचं दार उघडंना. मी म्हनलो, बावन्नवर खेळून बघा. तुमी रॅकेटी उचलून निघाला. मग मी लिवलं छप्पन आन् ओढलं पंचावन्न. तुमी खेळून आलात, म्हनलात झकास. फुडल्या खेपंला चोपन्न. तुमी दर खेपंला झकासच म्हनत गेलात, मी उतरत गेलो."

"सहा वर्षं?"

"व्हय. हाताला धक्का बसू न्हाई, आन् कमी जोरात बी चेंडू लांब जावा. मागच्या दोन स्पर्धा तुमी पन्नासवर जिंकल्या. तुमाला सांगितलं असतं तर तुमी हरला असता, तेवढ्यासाठी चहाला धाडत व्हतो." त्यांनी तिच्या हातातल्या रॅकेटकडे बोट दाखवलं. "आज पयल्या फटक्याला कळलं, ही तार माझी न्हाई. म्हनून तर ही घाईनं ओढली. चिठ्ठीवर छप्पन लिवलं व्हतं, मी सत्तेचाळीस ओढलं. म्हनलं, निदान शेवटचा सेट तरी सुखानं खेळतील."

"समोर तुमची मुलगी होती, चाँदभाई."

"सामना ठरला तवाच मी तुमचा सराव बंद केला, एकातलं दुसऱ्यात नको म्हनून. तिचं काम ती करत व्हती. माझं काम माझ्याकडं व्हतं."

 अनघा मशीनच्या लाकडी खोक्यावर बसली. ज्या रॅकेटनं तिला पुण्याला नेलं असतं ती अर्धा तिसरा सेट तिच्या बाकाखाली पडून होती, आणि ती तिथे तिनं स्वतःच्या पायानं सारली होती. शरमेनं तिला वर बघवेना. पण त्यातही एक गोष्ट तिच्या लक्षात आली, माणसाचं मन असं असतं. चाँदभाईंना तिचा संशय कळलेलाच नव्हता. त्यांना वाटत होतं, हिनं हौसेनं पुण्याला जाऊन तारा ओढून आणल्या, आणि भर सामन्यात नवी रॅकेट घ्यायला बिचकली. ती गप्प बसली असती तर हे त्यांना जन्मात कळलं नसतं. ईदला बोलावणं आलं असतं. गप्प बसायचं तिनं जवळजवळ ठरवलंही होतं.

तेवढ्यात शहिस्ता आली. एका हातात वाइल्ड कार्डचं पाकीट, डोळे लाल. तिनं बापाकडे बघितलंही नाही.

"तुम्ही सोडलीत ना मॅच?" ती अनघाला म्हणाली.

अनघाला आधी कळलंच नाही. मग शहिस्ता बोलत गेली. तुमचा आकडा छप्पन नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, ती म्हणाली. एकदा तुमची रॅकेट हातात घेतली तेव्हाच कळलं, म्हणून तर अब्बा ओरडले होते. आज तुम्ही पहिला फटका मारलात तेव्हा मी आवाज ऐकला. तुम्ही मुद्दाम हात मोडणारी तार ओढून आलात. आणि अब्बांनी बरोबर रॅकेट पाठवली तेव्हा तिची पिशवीसुद्धा उघडली नाहीत. मला कार्ड मिळावं म्हणून. लहानपणी जुनी रॅकेट दिलीत तसंच. "मला असं नकोय, ताई. मी हे घेऊन पुण्यात कुठल्या तोंडानं उभी राहू?"

चाँदभाई अनघाकडे बघायला लागले. आता त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. एवढी मोठी बाई, माझ्या पोरीसाठी! अनघानं ते पाहिलं आणि तिला ते सहन झालं नाही. हा मान तर तिनं मागितलाही नव्हता.

"मी काही सोडलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझे अब्बा मला फसवताहेत. तू जिंकावंस म्हणून माझ्या तारा ढिल्या करताहेत असं मला वाटलं. म्हणून मी पुण्याला गेले. म्हणून ती पिशवी उघडली नाही. मी आत्ता इथं आले तीही त्यांना चोर म्हणायलाच आले होते."

कोर्टच्या पलीकडून कंपनीची बस गेली. चाँदभाईंनी मशीनचा खिळा सोडवायला घेतला, तो सुटेना, त्यांनी तो सोडून दिला. ते म्हणाले, "इचारायचं व्हतं, ताई." मग पकड खाली ठेवून, "मी बी खोटाच आकडा लिवत व्हतो म्हना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अनघाला त्यांच्या पाया तरी पडता आलं असतं.

शहिस्ताचा चेहरा मात्र उजळला होता. बापाचा अपमान तिच्या कानावरून गेला, ती अठरा वर्षांची होती आणि तिला एकच गोष्ट ऐकू आली होती. म्हणजे मी खरंच जिंकले, ती म्हणाली. अनघानं मान हलवली. पण लगेच पोरीच्या कपाळावर आठी आली. तिनं खोक्यावरची रॅकेट उचलली, तारांवर बोटं फिरवली आणि अनघापुढे धरली.

"मग उद्या सकाळी खेळू. या रॅकेटनं. कुणी बघायला नको, आपण दोघीच. मला कळायला हवं."

"नको," चाँदभाई म्हणाले.

ते इतक्या झटकन बोलले, की तिघांनाही त्याचा अर्थ कळला. दोघींच्याही तारा ओढणारा माणूस होता तो. त्या रॅकेटनं उद्या कोण जिंकेल हे मावळात कुणाला सांगता आलं असतं तर त्यालाच. अनघाच्या खेळाची आजवर कुणी एवढी मोठी स्तुती केली नव्हती, आणि ती नेमकी त्याच्या मुलीच्या तोंडावर झाली होती. शहिस्ता बापाकडे बघत राहिली. हातातलं पाकीट तिनं नकळत चुरगाळलं होतं.

"मला खेळताच येणार नाही गं," अनघा म्हणाली. "कोपर गेलं आज. हे बघ." तिनं उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यात थांबली. हे अगदी खरं होतं. त्या दिवशी तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

शहिस्तानं त्या हाताकडे पाहिलं, मग अब्बांकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे.

"बरं," ती म्हणाली. शटरखालून वाकून बघायच्या आधी, चहाला जाताना, अनघा चाँदभाईंना याच सुरात 'बरं' म्हणाली होती.